डहाणूत हादरे, पण फोन गप्प का?
बोईसर-पालघरमध्ये भांडी खडखडली की पहिला हात फोनकडे जातो. अलर्ट मात्र येत नाही. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८पासून धक्के बसताहेत. गुगलने अँड्रॉइडवरची भूकंपसूचना भारतात सप्टेंबर २०२३मध्ये आणली. मग अडतं कुठे? एका जागी ठेवलेल्या फोनमधला अ‍ॅक्सेलरोमीटर कंप टिपतो. अनेक फोनकडून एकदमच तशी माहिती आली की सर्व्हर इशारा सोडतो, पण ४.५ किंवा त्याहून मोठ्या भूकंपालाच. आपल्याकडचे बहुतेक धक्के त्याहून लहान. शिवाय केंद्र पायाखालीच असेल, तर इशाऱ्याआधी हादरा पोहोचतो! म्हणून तडे गेलेल्या भिंतीजवळची खाट आधी हलवा. मग सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'त जाऊन 'अर्थक्वेक अलर्ट्स' चालू करा. लोकेशन आणि इंटरनेटही लागतं.