खाडीच्या मुखाचें जुनें चित्र

देवबागेस कर्ली नदी समुद्रास मिळते, तेथील वाळूचे पट्टे सारखे सरकत असतात. अशीं मुखें परक्या नाविकांस कशीं कळलीं, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

इ. स. १५३८ च्या नोव्हेंबरांत गोव्याहून दीवकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमारांत दों जुआंव द काश्त्रु हा सरदार होता. वाटेंतील बंदरें व खाड्या यांचें वर्णन त्यानें लिहून ठेविलें, चित्रेंही काढिलीं. त्यांत शास्त्राची आवड होती, तशी आरमाराची गरजही होती. विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, मालवणासमोर तेव्हां सिंधुदुर्ग नव्हता. त्याचें बांधकाम १६६४ त सुरू झालें.

त्या काळीं शिशाचें वजन दोरीनें पाण्यांत सोडून खोली वावांत मोजीत. वजनाच्या बुडाशीं चरबी लावीत; तिला वाळू चिकटली कीं चिखल, यावरून तळ ओळखीत. दिशा होकायंत्रानें व अक्षांश सूर्याच्या उंचीवरून काढीत. समुद्रावर रेखांश बिनचूक काढण्याची रीत मात्र अठराव्या शतकापर्यंत नव्हती. वसईजवळ होकायंत्र भलतीच दिशा दाखवूं लागलें, तेव्हां काश्त्रुनें तो खडकांचा परिणाम मानिला. आमच्या मतें ही एक नोंद साऱ्या चित्रांहून मोलाची आहे.

वेंगुर्ल्यासमोरील खडकांस पोर्तुगीज ‘जळकीं बेटें’ म्हणत. खडक जागचे हालत नाहींत, म्हणून ती खूण टिकली. वाळूचें तसें नाहीं. काश्त्रुची वही छापून निघाली १८४३ त. तोंवर तीनशेंवर पावसाळ्यांनीं खाड्यांचीं मुखें पुनःपुन्हां बदललीं होतीं. देवबागचा तांडेल अद्यापि होडी बाहेर काढतांना आधीं लाट कोठें फुटते तें पाहतो.