आधी निवळण, मग निचरा : तंजावरच्या राजवाड्यापासून गावच्या सांडपाण्यापर्यंत

तंजावरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालय मराठी वाचकांस परिचित आहे. तेथील जलव्यवस्था मात्र फारशी चर्चिली जात नाही. 16 व्या शतकात, नायक राजवटीत, पावसाचे पाणी प्रथम सेवप्पनेरी तळ्यात घेतले जाई. तेथे गाळ खाली बसल्यावर निवळलेले पाणी शिवगंगा तलावात आणि पुढे जमिनीखालील नळांवाटे राजवाड्याकडे व शहरातील विहिरींकडे जाई. मराठा राजवटीत दुसरे सरफोजी महाराज (1798–1832) यांच्या काळात शहरासाठी भूमिगत सांडपाणी व्यवस्थाही झाली. पाणी आधी निवळू द्यावे आणि नंतर ते झाकून न्यावे, ही दोन सूत्रे आजच्या ग्रामीण सांडपाण्यासही लागू पडतात.

डासांचे गणित

जलजीवन मिशनच्या 55 लिटर दरडोई निकषानुसार पाच माणसांच्या घरी दररोज 275 लिटर पाणी येते. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश पाणी मोरी, न्हाणीघर व भांडी घासण्याच्या जागेतून सांडपाणी होऊन बाहेर पडते. ते उघड्या गटारात साचले की क्युलेक्स जातीच्या डासाची मादी एका वेळी शंभर ते तीनशे अंडी पाण्यावर तराफ्यासारखी सोडते. उष्ण हवामानात आठवडा ते दहा दिवसांत त्यांतून पूर्ण वाढलेले डास बाहेर पडतात. हाच डास हत्तीरोगाचा प्रसार करतो. धुरळणीने उडणारे डास मरतात. पाण्यातील अळ्या मात्र तशाच राहतात. म्हणून डासांना पाण्याचा उघडा पृष्ठभागच मिळू न देणे, हा खरा उपाय होय.

नांदेडचा अनुभव

हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने शोषखड्ड्यांद्वारे गटारमुक्तीचा व डासमुक्तीचा मार्ग दाखविला आणि तो पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल खड्ड्यात वरच्या भागास छिद्रे असलेली सिमेंटची टाकी ठेवतात आणि भोवती दगड-खडी भरतात. गाळ टाकीच्या तळाशी बसतो. निवळलेले पाणी छिद्रांतून बाहेर पडून जमिनीत मुरते. टाकी हे जणू सेवप्पनेरीचे घरगुती रूप आहे.

सर्वत्र शोषखड्डा नको

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात किंवा आपल्याकडील कालव्याच्या लाभक्षेत्रात भूजल उथळ असते. खड्ड्याच्या तळापासून भूजल किमान दोन मीटर खाली नसेल, तर शोषखड्ड्यामुळे विहिरी दूषित होण्याचा धोका असतो. भारी काळ्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेगही मंद असतो. अशा ठिकाणी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) विकसित केलेल्या ‘फायटोरिड’सारखी वनस्पती-वाफ्याची पद्धत अधिक योग्य ठरते. निवळण टाकीतून आलेले पाणी कर्दळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पती लावलेल्या खडीच्या वाफ्यातून संथपणे वाहते आणि मुळांभोवतीचे जिवाणू त्यातील सेंद्रिय घाण कुजवतात. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली ठेवल्यास मादीस अंडी घालण्यास जागाच उरत नाही. बाहेर पडणारे पाणी केळी, नारळ किंवा चारापिकास द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीपाल्यास देऊ नये.

देखभाल

• निवळण टाकीतील गाळ व तेलकट तवंग नियमितपणे काढावा. गाळ पुढे गेला की शोषखड्डा व वाफा दोन्ही चोंदतात.
• टाकीवर घट्ट झाकण असावे. शौचालयाच्या वायुनलिकेस बारीक जाळी बांधावी.
• आठवड्यातून एकदा पांढऱ्या पळीने साचलेले पाणी घेऊन अळ्या पाहाव्यात.

खडीवर पाणी दिसू लागले किंवा पळीत अळी आढळली, तर व्यवस्था बिघडू लागली आहे असे समजावे. प्रयोगशाळेचा अहवाल येण्यापूर्वीच हा इशारा मिळतो. विस्तार कार्यकर्त्यांनी खड्डे किती खोदले याबरोबरच, वर्षभरानंतर त्यांतील किती अळीमुक्त आहेत याचीही नोंद ठेवावी. गावाच्या आरोग्याचा खरा हिशोब त्या दुसऱ्या आकड्यात असतो.