चिमणीसाठी जागा हवी

"चिमणीसाठी जागा पाहतो आहे," असे मी पुण्यात ज्याला ज्याला सांगितले, त्याने त्याने आधी माझ्याकडे मोठ्या कौतुकाने पाहिले. शेजारच्या इमारतीतल्या एका आजोबांनी तर गॅलरीत टांगायचे लाकडी घरटे कोठे मिळते, त्याचा पत्ताही लिहून दिला. चिमणीचे वजन साडेतीनशे किलो आहे, ती दिवसाला तीसएक लिटर पाणी पिते आणि तिच्या पायांना दर दीड-दोन महिन्यांनी नाल ठोकावे लागतात, हे कळल्यावर मात्र कौतुक ओसरे. मग माझ्या सौ.कडे अशा काही नजरेने पाहिले जाई, की ती बिचारी चहा टाकायच्या निमित्ताने आत निघून जाई.

चिमणी म्हणजे आमची घोडी. बँकेत नोकरी करणाऱ्या, हप्त्याच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या दारी घोडी कशी आली, हे सांगितले पाहिजे. आम्ही चार वर्षे शहाद्याला होतो. तेथून जवळच, तापीच्या काठी, सारंगखेडे आहे. दत्तजयंतीला तेथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि त्या यात्रेत घोड्यांचा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कोठकोठून घोडी येतात. आमचे घरमालक पाटील हे या बाजाराचे जुने वारकरी. त्यांच्या पागेत माझी धाकटी मुलगी आठव्या वर्षी जी शिरली, ती बाराव्या वर्षी माझी बदली झाली तेव्हाच बाहेर आली. म्हणजे, आली नाही. रडून डोळे सुजवून घेऊन पागेच्या दाराशी बसली. पाटलांनी शेवटी तिच्या हातात चिमणीचा दोर दिला आणि मला म्हणाले, "साहेब, पोरीची आहे ही. पुण्याला नीट जागा मिळाली तर न्या. तोवर राहील इथं. नाही मिळाली, तर दत्तजयंतीला बाजारात उभी करू, चांगलं घर पाहून देऊ."

"दत्तजयंतीलाच देऊ," सौ. म्हणाली. ही गोष्ट गेल्या जूनमधली. म्हणजे हाती सहा महिने होते.

नव्या गावात माणूस आधी दूधवाला शोधतो, मग शाळा, मग डॉक्टर. घोड्यासाठी काय शोधायचे, हे मला ठाऊक नव्हते. मी आपला साहजिकपणे रेसकोर्सवर गेलो. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यात शर्यती असतात आणि थंडी पडू लागली की घोडी मुंबईला महालक्ष्मीला जातात. तेथल्या पागा शर्यतीच्या घोड्यांच्या. रिबिनी बांधलेल्या आमच्या चिमणीचे तेथे काय काम? पण ती फेरी फुकट गेली नाही. फाटकाबाहेरच्या टपरीवर एक म्हातारे नालबंद चहा पीत बसले होते. त्यांनी मला सांगितले, "साहेब, मालकांना विचारू नका. मालक आपली पागा चांगलीच म्हणणार. नालबंदाला विचारा. आम्ही सगळ्या पागांत जातो, आणि घोड्याचा पाय हातात घेतला की पागेचं पोट कळतं."

हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकून घेतले. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

मधल्या काळात मला जमीन घेण्याचे खूळ लागले. 'अश्वप्रेमींसाठी फार्म प्लॉट' अशी जाहिरात पाहिली आणि एका रविवारी मुळशीच्या बाजूला गेलो. हिरवे डोंगर, धुके, खाली पाण्याची चकाकी! दलालाने दाखवलेल्या दहा गुंठ्यांत मी मनाने पागा बांधूनही टाकली. घोडीला बारा फूट लांब, बारा फूट रुंद खोली हवी, शेजारी वैरणीची कोठी, पुढे फेरी मारायला मैदान. सातबारा पाहिला तेव्हा तो भोगवटादार वर्ग दोनचा निघाला, म्हणजे सरकारी परवानगीवाचून विकता न येणारा. शिवाय १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे जो मुळात शेतकरी नाही, त्याला परवानगीखेरीज शेतजमीन घेता येत नाही. माझ्या आजोबांनी कोकणातली जमीन विकून मुंबईला खोली घेतली, त्यामुळे शेतकरीपणाचा दाखला आमच्या घरातून त्याच वेळी गेलेला. "ते सगळं करून देऊ हो," दलाल म्हणाला. 'ते सगळं' या दोन शब्दांना मी बँकेत तीस वर्षे भीत आलो आहे.

पण कागद सरळ असते तरी ती जागा घोड्याची नव्हती, हे मला नंतर उमगले. आपण माणसे सहलीच्या डोळ्यांनी जागा पाहतो. पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्री. तेथे पावसाळा चार महिने नुसता ओततो. सतत ओल्या जमिनीत उभे राहून घोड्याच्या खुराचा मधला मऊ भाग कुजतो, त्याला घाण वास येतो, घोडा लंगडतो. डास, गोमाश्यांचा त्रास वेगळा. गोमाश्यांमधून सर्रा नावाचा रक्ताचा आजार पसरतो. पूर्वेकडे दौंड, बारामती, इंदापूर या बाजूला जा, पाऊस कमी, हवा कोरडी, ज्वारीचा कडबा दाराशी. मराठ्यांच्या फौजेतली भीमथडीची तट्टे नावाजली, ती भीमेच्या याच कोरड्या खोऱ्यातली. धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालणारी ती काटक घोडी अजूनही आहेत, आणि २०२४ मध्ये भीमथडीची घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून देशपातळीवर नोंदही झाली. इतकी पिढ्यान्‌पिढ्यांची साक्ष डोळ्यांसमोर असताना मी घोडी न्यायला निघालो होतो धुक्यात!

अखेर ऑगस्टमध्ये, शहरापासून अर्ध्या तासावर, एक जागा मिळाली. पांढरे रंगवलेले कुंपण, फाटकावर घोड्याचे मुंडके कोरलेली पाटी, मुलांना घोडेस्वारी शिकवण्याचे वर्ग, आणि दुसऱ्यांची घोडी महिन्याच्या पैशांवर सांभाळायची सोय. पैसे माझ्या पगाराच्या आठव्या हिश्शाइतके. सौ.ने तो आकडा ऐकून एक शब्दही उच्चारला नाही. तिचे न बोलणे फार वाईट.

चिमणीला आणायचे म्हणजे चारशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास. ती प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो, तो पाटलांनी घेतला. शिवाय त्यांनी आग्रहाने तिच्या रक्ताची ग्लँडर्सची तपासणी करून घेतली. हा रोग घोड्याचा घोड्याला होतो, माणसालाही होऊ शकतो, त्यावर लस नाही, आणि कायद्याप्रमाणे रोगी जनावराला मारूनच टाकावे लागते. ट्रकमध्ये खाली वाळू आणि वर पेंढा पसरून, वाटेत दोनदा पाणी दाखवून, चिमणी पहाटे पुण्यात उतरली. मी मोठ्या ऐटीत तपासणीचा कागद पुढे केला. तेथल्या व्यवस्थापकांनी तो न वाचताच घडी घालून परत दिला. "याची काही जरूर नाही हो."

वाचकहो, मी तेव्हाच ट्रक परत फिरवायला हवा होता. जो माझ्या घोडीचा कागद पाहत नाही, त्याने शेजारच्या ठाणावरल्या घोड्याचा तरी कोठे पाहिला असणार?

पाटलांनी चिमणीबरोबर आठ दिवसांचा कडबा आणि चंदी पाठवली होती. नवी वैरण जुन्यात थोडी थोडी मिसळत आठ-दहा दिवसांनी पुरती बदलायची, असा निरोपही होता. तो मी व्यवस्थापकांना दिला, त्यांनी मान डोलावली. प्रत्यक्षात कडबा कोपऱ्यात पडून राहिला आणि तिसऱ्याच दिवसापासून तिच्यापुढे पावसात भिजलेला हिरवा चारा आणि बादलीभर कोंडा पडू लागला. आम्ही रविवारी जात होतो. मुलीने पहिल्याच रविवारी सांगितले, "बाबा, हिची लीद पातळ आहे." मी म्हणालो, "जागा नवी आहे, रुळेल."

पुढच्या बुधवारी रात्री दीड वाजता फोन आला. व्यवस्थापकांचा नव्हे, तेथल्या मोतद्दाराचा. तरणा पोरगा, कामावर लागून महिना झालेला. "साहेब, घोडी सारखी पोटाकडं बघतीय. पायानं जमीन उकरतीय, लोळतीय. मालक फोन उचलत न्हाईत."

मी आणि मुलगी पावसात पोचलो तेव्हा तो पोरगा डोक्यावर पोते घेऊन चिमणीला सावकाश फिरवीत होता. ती घामाने निथळत होती. घोड्याचे शरीर मोठे, पण पोट फार नाजूक; त्याला ओकता येत नाही. आत वायू धरला, आतडे तुंबले, की सुटका एकाच बाजूने. पोटशूळाने चांगली धडधाकट घोडी रात्रीतून दगावतात, हे पाटलांकडून मी ऐकले होते. पण ऐकणे निराळे आणि आपल्या मुलीने गळ्यात हात टाकलेली घोडी पुनःपुन्हा गुडघे मोडून खाली बसू पाहताना दिसणे निराळे. डॉक्टर तीन वाजता आले. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला चाळीसच्या आसपास असते. चिमणीची सत्तरला पोचली होती. त्यांनी पोटाला नळी लावून ऐकले. नाकातून रबरी नळी घालून पोटात तेल सोडले, इंजेक्शन दिले आणि म्हणाले, "आता वाट पाहायची. लीद टाकली तर जिंकलो."

त्या रात्री मुलगी मला एकदाही 'तुम्ही ऐकलं नाहीत' असे म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरे झाले असते.

सव्वासहाला चिमणीने लीद टाकली. आयुष्यात मी बढतीच्या पत्राने इतका आनंदलो नव्हतो. मोतद्दार पोरगा तर ओरडलाच. मग त्याला मी विचारले, "तू कुठला?" "पाटसकडला. आमच्या चुलत्याची पाच घोडी हायत." मी पुन्हा विचारले, "तिथं आणखी एक मावेल?" तो जरा विचार करून म्हणाला, "चुलता तुम्हाला बघितल्याबिगर न्हाई सांगायचा."

हा 'बघण्याचा' कार्यक्रम आमच्या लग्नातही इतका कडक झाला नव्हता. पत्र्याचे छप्पर, मुरमाची जमीन, फाटक नाही, पाटी नाही. चुलते खाटेवर बसून राहिले आणि प्रश्न विचारीत गेले. घोडी किती वर्षांची? कडबा खाते की गवत? कोणत्या पायाला हळवी आहे? अंगावर भोवरे कुठे आहेत? (हे भोवरे शुभ की अशुभ यावर मला काही सांगता येईना, तेव्हा ते हसले.) धनुर्वाताची सुई कधी टोचली? पोटात दुखले तर रात्री डॉक्टर कोण, आणि तुम्ही किती वेळात याल? सर्वांत शेवटी, "रक्त तपासल्याचा कागद आहे का? आमची पाच हायत." खिशातला तो घडीचा कागद मी काढला. त्यांनी तो चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचला. पैशांची गोष्ट तोवर निघालीच नव्हती.

मी मात्र या खेपेस थोडा शहाणा झालो होतो. त्यांच्या घोड्यांच्या पाठीवरून हात फिरवून पाहिला. खोगिराच्या जागी पांढरे केसांचे ठिपके असतील तर तेथे कधी तरी जखम झालेली असते. एकीच्या पाठीवर तसा ठिपका होता; मी विचारण्यापूर्वीच चुलते म्हणाले, "वरातीवाल्याकडनं घेतलीय ती. तशीच आली." पाण्याची टाकी घासलेली होती. आणि आठवणीने रेसकोर्सवरच्या त्या म्हाताऱ्या नालबंदांना फोन केला. "पाटसचे होय? बिनघोर ठेवा," एवढेच ते म्हणाले.

आता मला लोक विचारतात, मुलांना घोडेस्वारी शिकवायची तर कोठे पाठवावे? मुंबईकरांना महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा हौशी स्वारांचा क्लब आहे. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने घोडा तेथे अजून गरजेचा आहे, आणि मुलाला घोड्याची भीती आहे की ओढ, एवढे कळायला तेथली एक फेरी पुरते. ती शिकवणी नव्हे. शिकवणीच्या जागी गेलात तर घोड्यांच्याही आधी पहिला धडा कसा देतात ते पाहा. चांगला शिक्षक नवख्या मुलाला डोक्यावर टोप घालायला लावतो, घोड्याला लांब दोरावर आपल्याभोवती गोल फिरवतो, आणि मांड पक्की बसेपर्यंत मुलाच्या हाती लगाम देत नाही. पहिल्याच दिवशी दौड मारून फोटो काढून देणारे असतात, तेथे जाऊ नये. आणि खरारा कसा करायचा, खूर कसे साफ करायचे हे जेथे शिकवतात, तेथे पैसे थोडे जास्त पडले तरी द्यावे. माझी मुलगी पाटसला दर शनिवारी दोन तास जाते. त्यातला दीड तास ती झाडलोट करीत असते. घरी कपबशी विसळत नाही.

दसऱ्याला आम्ही सगळे गेलो. सौ. पहिल्यांदाच आली होती. चुलत्यांकडे त्या दिवशी घोड्यांची पूजा असते. मुलीने झेंडूचा हार केला होता, तो चिमणीने गळ्यात पडण्यापूर्वीच अर्धा खाल्ला. सौ. लांब उभी होती. मग तिने पर्समधून गुळाचा खडा काढला. तो तिने घरूनच आणला होता, हे माझ्या ध्यानात आले, पण मी काही बोललो नाही.

दत्तजयंतीच्या दिवशी दुपारी पाटलांचा फोन आला. मागे घोड्यांचे खिंकाळणे आणि बाजाराचा गलका ऐकू येत होता. "साहेब, यंदा गिऱ्हाईक चांगलं आहे. एक घर पाहून ठेवलंय. चिमणीचं काय ठरलं?"

मी उत्तर देण्यापूर्वी सौ.ने फोन माझ्या हातातून घेतला.

"पाटीलभाऊ, चिमणीचं राहू द्या. तिथं खोगिरं येतात ना विकायला? हिच्या पाठीला सध्याचं जरा रुंद होतंय म्हणते पोरगी. माप सांगते, लिहून घ्या."