घोडा आजारी पडला तर लपवू नका, डास शोधा

लग्नसराई जवळ आली की बुलढाणा जिल्ह्यातील घोडीवाल्यांची धावपळ सुरू होते. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, शेगाव, कुठेही वरात निघायची म्हटली की आधी घोडी ठरवावी लागते. एका घोडीवर एकच घर जगत नाही. नाल ठोकणारा नालबंद, खोगीर आणि साज शिवणारा कारागीर, चारा-भरडा विकणारा दुकानदार, अशा अनेकांची रोजी तिच्याशी बांधलेली असते. म्हणून घोड्याचा आजार हा आम्ही कारोबाराचा प्रश्न मानतो.

डासांमुळे होणारा मेंदूज्वर घोड्याला होतो, तसाच माणसालाही होतो. त्याचा हंगाम पावसाळ्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत, म्हणजे नेमका सराईच्या तोंडावर येतो. अशा वेळी घोडी लडखडू लागली की मालक घाबरतो. बोभाटा झाला तर ठरलेल्या वराती तुटतील, मोहल्ल्यातले लोक जनावर बाहेर काढायला सांगतील, ही भीती त्याला असते. मग आजार लपवला जातो किंवा जनावर घाईने बाजारात विकले जाते. आमचे म्हणणे असे की, यात मालकाचे नुकसान आहेच, पण गावाला वेळेवर मिळणारी सूचनाही त्यामुळे हातची जाते.

घोडा दोषी नाही

जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत आणि डुकरांत वाढतो. क्युलेक्स जातीचे डास त्यांना चावून तो पुढे नेतात. असा डास घोड्याला किंवा माणसाला चावला की ते आजारी पडू शकतात. परंतु घोड्याच्या रक्तात विषाणू इतका थोडा असतो की त्याला चावलेला डास तो पुढे नेऊ शकत नाही. म्हणजे घोड्यापासून शेजाऱ्याला किंवा शेजारच्या घोडीला हा रोग लागत नाही. घोडा आजारी पडला, याचा अर्थ एवढाच की विषाणू असलेले डास त्या परिसरात आले आहेत.

दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएलन घोडारोगाची गोष्ट वेगळी आहे. त्यात घोडाच विषाणूचा साठा होतो. १९९५ साली कोलंबिया व व्हेनेझुएलात सुमारे ७५ हजार ते १ लाख लोक त्याने आजारी पडले. तिथे घोड्यांची ने-आण बंद करणे आणि त्यांना लस टोचणे हाच उपाय असतो. तो रोग आपल्या देशात नाही, त्यामुळे तिकडची भीती इकडच्या घोड्यावर लादण्याचे कारण नाही.

अमेरिकेत १९९९ साली वेस्ट नाईल तापाने न्यूयॉर्कमध्ये आधी कावळे मरू लागले, पुढे माणसे आणि घोडे आजारी पडले. २००२ या एका वर्षात तिथे १४ हजारांहून अधिक घोड्यांना हा रोग झाला. घोड्यांसाठी लस आली आणि ती टोचली जाऊ लागली, तेव्हा हा आकडा उतरला. हाच ताप केरळातही आढळला असून २०१९ साली मलप्पुरम जिल्ह्यातील एक लहान मुलगा त्याने दगावला.

आपल्या देशात जपानी मेंदूज्वराचे रुग्ण प्रथम १९५५ साली वेल्लोर भागात ओळखले गेले. २००५ साली गोरखपूर भागात त्याने हजाराहून अधिक बळी घेतले. त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर २००६ पासून जोखमीच्या जिल्ह्यांत मुलांना लस देणे सुरू झाले. महाराष्ट्रात त्याचा जोर मुख्यतः पूर्व विदर्भातील भाताच्या पट्ट्यात दिसतो.

लक्षणे आणि तपास

ताप, चारा सोडणे, झोकांड्या जाणे, एकाच जागी गोल फिरणे, डोके भिंतीला लावून उभे राहणे, ओठ लोंबणे, शेवटी उठता न येणे, ही लक्षणे ध्यानात ठेवावीत. पिसाळी, धनुर्वात आणि सर्रा यांतही काहीसे असेच दिसते. म्हणून अशा जनावराच्या तोंडात हात घालू नये. ताबडतोब सरकारी पशुवैद्यकाला बोलवावे. अनुसूचित साथरोगाची खबर देणे हे २००९ च्या कायद्याने मालकाचे कर्तव्य आहे.

डॉक्टर रक्ताचा नमुना घेतील आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा घेतील. दोहोंतील प्रतिद्रव्ये चौपट वाढलेली दिसली तर लागण ताजी ठरते. घोड्यांच्या रोगांसाठी हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. माणसांच्या विषाणूरोगांसाठी पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ पासून काम करते. पण तपासाचा पहिला कागद मालकाच्या हातात असतो. घोडी मागील पंधरा दिवसांत कोणत्या गावांना गेली, आजार कोणत्या तारखेला दिसला, जवळपास पक्षी मेले का, हे लिहून ठेवावे. त्याच वस्तीत एखाद्या मुलाला तापात झटके आले, तर वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे आणि घोड्याच्या आजाराची गोष्टही डॉक्टरांना सांगावी.

या रोगावर खास औषध नाही. सावली, मऊ बिछाना, पाणी आणि सेवा यांवर बरीच जनावरे उठून उभी राहतात. बरे होईपर्यंत घोडी वरातीला पाठवू नये आणि विकूही नये.

दुकानाच्या मागे पाहा

आता आपल्या अंगणाकडे वळू. क्युलेक्स डास गटार, डबके, शोषखड्डा अशा घाण पाण्यात वाढतात आणि सांजेपासून रात्रभर चावतात. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत पाणी साचून राहते. खारपाणपट्ट्यात, जळगाव जामोद, संग्रामपूरकडे, गोड पाणी साठवून ठेवावे लागते. उघड्या टाक्यांतील या स्वच्छ पाण्यात एडिस डास होतात आणि डेंग्यू, चिकुनगुनिया पसरवतात. १९७३ साली बार्शीत आणि पुन्हा २००६ साली राज्यभर चिकुनगुनियाने हातावर पोट असलेल्यांचे आठवडेच्या आठवडे बुडवले होते.

टायरवाल्यांनी जुने टायर छपराखाली ठेवावेत. भंगारवाल्यांनी डबे-पिंपे पालथी घालावीत. कूलरवाल्यांनी मोसम संपताच टाक्या कोरड्या कराव्यात. घोडीवाल्यांनी पाण्याचे हौद आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावेत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा एक कोरडा दिवस पुरतो. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत, शोषखड्ड्याच्या नळीला जाळी बांधावी, सांजेला तबेल्याच्या दारे-खिडक्यांना जाळी लावावी. मोकाट डुकरांचा आणि तुंबलेल्या गटारांचा बंदोबस्त हे नगरपालिकेचे काम आहे. त्यासाठी व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

यात खर्च थोडा आहे, चिकाटी मात्र हवी. ज्या मोहल्ल्यात घोडी आजारी पडल्याचे मालक उघडपणे सांगू शकतो, तिथे मुलांच्या तापाकडेही वेळीच लक्ष जाते. घोडीवाल्या भावाला तेवढा भरवसा देणे हे त्याच्या शेजाऱ्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या हाती आहे.