गाळलेला आवाज आणि आपले कान

कामगार चळवळीतल्या माणसाने गाण्याच्या यंत्रांवर बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण दहावीवर थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. परंतु हा विषय आमच्याकडे आला तो युनियनच्या कचेरीतूनच. आमच्या एका सभासदाने दिवाळीच्या बोनसातून घरी स्पीकर आणला, मोबाईलवर गाणी पुरवणाऱ्या एका सेवेची वरच्या वर्गाची वर्गणी भरली, आणि महिनाभराने येऊन विचारले, "दादा, जास्त पैसे भरतोय, पण फरक काही कळत नाही. माझे कान वाईट, की त्यांचा माल?" प्रश्न सरळ होता. उत्तर शोधण्यात आमचे दोन महिने गेले.

या वरच्या वर्गात जे मिळते त्यास 'लॉसलेस' म्हणतात, म्हणजे काहीही न गाळलेला आवाज. न गाळलेला म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे लागते. आवाज हे हवेचे कंपन. ते आकड्यांत उतरवायचे तर सेकंदाला ठरावीक वेळा त्याचे माप घ्यावे लागते. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीसाठी हे माप सेकंदाला 44,100 वेळा घेतात आणि प्रत्येक माप 16 बिटांत लिहितात. हा आकडा कोणी लहरीने ठरवलेला नाही. ज्या कंपनाची नोंद घ्यायची त्याच्या दुपटीहून अधिक वेळा माप घेतले, तर ते कंपन पुन्हा जसेच्या तसे उभे करता येते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे; आणि तरुण, निरोगी कानासही सेकंदाला वीस हजार कंपनांच्या पलीकडचे सहसा ऐकू येत नाही. म्हणजे कानाची सारी धाव सीडीत मावते. मात्र ओझे मोठे होते. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू धरून सेकंदाला सुमारे 14 लाख बिट. पाच मिनिटांच्या गाण्यास 53 मेगाबाइट.

हे ओझे हलके करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, कपडे नीट घडी घालून पेटीत दाबून भरण्याची. पेटी उघडली की एकूण एक कपडा शाबूत. 2001 साली आलेली 'फ्लॅक' ही पद्धत या जातीची. तिने गाणे साधारण निम्म्या ते दोनतृतीयांश आकारात बसते. दुसरी रीत काही कपडे घरीच ठेवण्याची. एमपी-3 ही पद्धत जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इतरांच्या साहाय्याने घडवली ती याच तत्त्वावर. कोणते कपडे ठेवायचे हे मात्र त्यांनी मोठ्या हुशारीने ठरवले. प्रेस शॉपमध्ये काम केलेल्यास ते सांगावे लागणार नाही. प्रेस आदळतो त्या क्षणी शेजारचा माणूस बोलला तरी त्याचे ओठ तेवढे हललेले दिसतात. मोठा आवाज आपल्या जवळच्या लहान आवाजास झाकून टाकतो. जे झाकले जाणार ते लिहायचेच कशाला? असे गाळून गाणे सेकंदाला 3 लाख 20 हजार बिटांत, म्हणजे सीडीच्या चौथाईहूनही कमी जागेत बसते. गाणी पुरवणाऱ्या सेवांचा चांगला गाळीव आवाज साधारण या पातळीचा असतो.

आता गाळले ते खरोखरच न ऐकू येणारे होते काय? येथे मताला किंमत नाही, परीक्षेला आहे. आणि परीक्षा आंधळी हवी. कोणता नमुना वाजतो आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक असले की मन भरलेल्या पैशाकडे झुकते. शिवाय दोन्ही नमुन्यांचा जोर अगदी सारखा हवा, कारण किंचित मोठा आवाज माणसाला उगीचच सरस वाटतो. आम्ही त्या सभासदाच्या घरी एका रविवारी हा खटाटोप केला. सीडीवरचे एक भजन घेतले, त्यात टाळ आणि पखवाज. संगणक, तारेचे हेडफोन, आणि कोणता नमुना कधी वाजवायचा ते संगणकानेच ठरवायचे. प्रत्येकास सोळा वेळा. नाणे उडवूनही सोळांत आठ बरोबर येतातच. बारा किंवा अधिक केवळ नशिबाने येण्याचा संभव शंभरात चारहून कमी. सभासदाचे नऊ बरोबर आले, त्याच्या पत्नीचे सात, आणि शेजारचा तबला शिकणारा मुलगा फार आत्मविश्वासाने बसला होता, त्याचे दहा. मग आम्ही गाळणी अधिक बारीक केली, 96 हजार बिटांवर आणले. त्या मुलाने सोळांत पंधरा ओळखले. म्हणाला, "टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखा येतोय." टाळ, टाळ्यांचा कडकडाट, तबल्याची थाप, असे अवचित फुटणारे आवाज गाळणीस जड जातात. ती चुकते तेथेच चुकते.

एका घरातली परीक्षा म्हणजे शास्त्र नव्हे, हे आम्ही जाणतो. 320 हजारांचा चांगला गाळीव आवाज आणि न गाळलेला आवाज यांतला फरक निवडक तुकड्यांवर सरावलेले कान कधीकधी पकडतात. दिवाणखान्यात बसून गाणे ऐकणाऱ्यास तो सहसा लागत नाही. सीडीच्याही वर 'हाय-रेझ' नावाचा एक मजला विकतात, त्याची कथा याहून बारीक. 2007 साली मायर आणि मोरन या अमेरिकन संशोधकांनी त्याची सीडीच्या दर्जाशी आंधळी तुलना प्रसिद्ध केली. 554 वेळा विचारले, 276 उत्तरे बरोबर. नाण्यानेही तेवढेच दिले असते. 2016 साली लंडनच्या जोशुआ राइस यांनी अशा 18 प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण 52.3 टक्के निघाले. शिक्षण दिलेल्या श्रोत्यांचे त्याहून चांगले. फरक शून्य आहे असे म्हणणे म्हणून खोटे ठरेल. तो बोनस खर्चण्याजोगा आहे काय, एवढेच आम्ही विचारतो. अ‍ॅपलने 2021 च्या जूनमध्ये लॉसलेस आवाज जादा दर न लावता दिला. दुसरीकडे तोच वरच्या डब्याचे तिकीट होऊन विकला जातो. ज्याने रेल्वेचे वर्ग पाहिले आहेत त्याला यात ध्वनिशास्त्र किती आणि दुकानदारी किती ते कळेल.

पण आमच्या सभासदाच्या बाबतीत खरी गंमत पुढेच होती. त्याचा स्पीकर ब्लूटूथचा. नेहमीचे ब्लूटूथ आवाज पाठवताना स्वतःच तो पुन्हा गाळते, कारण त्याची वाट अरुंद आहे. अख्खे गहू जादा भावाने घ्यायचे आणि दारातच भरडून आत न्यायचे, तसा हा प्रकार. न गाळलेला आवाज खरोखर हवा असेल तर तार जोडावी, किंवा वाय-फायवरून थेट घेणारा स्पीकर घ्यावा. शिवाय तो स्पीकर कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात, दोन फोटोंच्या मध्ये ठेवला होता. आम्ही तो काढून भिंतीपासून दोन हात पुढे, कानाच्या उंचीवर ठेवला. पखवाजाचा घुमारा मोकळा झाला. हा फरक त्याच्या म्हाताऱ्या आईलाही कळला, आणि त्यासाठी कोणतीही वर्गणी लागली नाही. मूळ ध्वनिमुद्रणाचीही गोष्ट तशीच. बालगंधर्वांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या लॉसलेसमध्ये ऐकल्या तर खरखर तेवढी अक्षत मिळते.

एका कामी मात्र न गाळलेली प्रत हवीच. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज किंवा एखादी मैफल जपून ठेवायची असेल, तर ती गाळू नये. गाळलेले पुन्हा दुसऱ्या गाळीव पद्धतीत घातले की प्रत्येक वेळी थोडे जाते, आणि गेलेले परत येत नाही.

त्या रविवारी आम्हीही हेडफोन लावला. संगणकातून एकच शिट्टी हळूहळू वर चढवत न्यायची, ऐकू येईनाशी झाली की हात वर करायचा. आठ हजार कंपनांपाशी आम्ही हात वर केला. आमची मुलगी हसली. "बाबा, अजून वाजतेय की!" ती पंधरा हजारांपर्यंत ऐकत होती. वयाने वरचे सूर जातात हे खरे. परंतु आम्ही वीस वर्षे प्रेस शॉपमध्ये काढली, कानात कापसाचे बोळे घालून. अशा गोंगाटाने आलेला बहिरेपणा 1987 च्या दुरुस्तीने कारखाने कायद्याच्या अधिसूचित रोगांच्या यादीत आला होता. आमच्या खात्यात त्याची नोंद एकदाही झाल्याचे आम्हांस आठवत नाही. हा बहिरेपणा प्रथम चार हजार कंपनांच्या आसपास लागतो, जेथे 'स' आणि 'श' यांची धार असते. म्हणून माणसाला बोलणे ऐकू येते पण शब्द लागत नाहीत. घरची माणसे म्हणतात, लक्ष नसते.

सभासदाने वर्गणी खालच्या वर्गात आणली आहे. युनियनच्या कचेरीत कानांच्या तपासणीसाठी वही ठेवली, तीत आमचे नाव पहिले आहे. खाली आणखी अकरा नावे आली आहेत, आणि त्यांतले सात प्रेस शॉपचे आहेत.