चाळीस पानांचं लग्न

ठाकुर्लीत लग्न लहान करायचं ठरलं की जागा शोधायला फार लांब जावं लागत नाही. नव्वद फुटी रस्त्यापासून कांचनगाव-खंबाळपाड्यापर्यंत गेल्या काही वर्षांत जे टॉवर उभे राहिले, त्यांतल्या बऱ्याच सोसायट्यांना क्लबहाउस आहे. नसलं तर गच्ची आहे. माणसं तीस-चाळीस. अशा लग्नांची सवय आपल्याला करोनाने लावली. २०२० मध्ये ५० माणसांची मर्यादा होती, एप्रिल २०२१ मध्ये ती २५ वर आली आणि सगळा सोहळा दोन तासांत उरकायचा हुकूम निघाला. निर्बंध उठले, पण आटोपशीर लग्नाची कल्पना बऱ्याच घरांत टिकली, आणि तिच्याबरोबर एक नवा प्रश्न आला. चारशे माणसांच्या बुफेत टेबलाकडे कोणी बघत नाही. चाळीस माणसं बसून जेवणार असली की टेबल हीच लग्नाची सजावट होते. मग ते सजवायचं कसं?

बहुतेक जण सुरुवात फुलांपासून करतात. मोबाइलवर चित्रं बघायची, मधोमध उंच काचेची फुलदाणी, भोवती मेणबत्त्या, आणि तेच डेकोरेटरला दाखवायचं. ती चित्रं ताट आतून वाढून आणणाऱ्या जेवणाची असतात. आपल्याकडे वाढपी समोरून येतो, पंधरा-वीस वेळा येतो, आणि दर वेळी त्याचा हात टेबलावरून पानापर्यंत पोचायचा असतो. त्या हाताला मोकळी वाट ठेवून जे उरेल तेवढीच जागा सजावटीची. हे एकदा मान्य केलं की पुढचं बरंचसं आपोआप ठरत जातं.

आधी मोजमाप. पंगतीची टेबलं सहा फूट लांब आणि साधारण दीड फूट रुंद मिळतात. माणसाला ऐसपैस जेवायला दोन फूट लागतात, म्हणजे एका टेबलावर तीन पानं, तीही एकाच बाजूला. चाळीस माणसांच्या दोन पंगती धरल्या तर एका वेळी वीस पानं. सात टेबलांत एकवीस बसतात. ती सरळ रांगेत लावली तर बेचाळीस फूट होतात, आणि एवढं लांब क्लबहाउस कोणाचंच नसतं. म्हणून घोड्याच्या नालासारखी मांडणी करावी: समोर तीन टेबलं, दोन्ही बाजूंना दोन-दोन. माणसं बाहेरच्या अंगाला बसतात, वाढपी आतून फिरतो. टेबलांमागे खुर्च्यांसाठी तीन फूट सोडले तर चोवीस फूट बाय वीस फुटांच्या खोलीत हे सगळं बसतं. समोरच्या तीन टेबलांच्या मधोमध नवरा-नवरी, त्यांच्या दोन्ही हातांना व्याही-विहिणी. घास भरवताना आणि उखाणे घेताना कोणालाही मान वळवावी लागत नाही, हा या मांडणीचा मोठा फायदा. फोटोवाल्यालाही समोर मोकळी जागा मिळते.

आता एका पानाचा हिशेब जवळून बघू. टेबल अठरा इंच रुंद. केळीचं कापलेलं पान नऊ-दहा इंच. जेवणाऱ्याच्या बाजूला दोन इंच सोडायचे, नाहीतर आमटीचा पहिला ओघळ थेट शालूवर. समोर उरले सहा इंच. त्यातले अडीच-तीन इंच महिरपीचे आणि कडेचे तीन वाढप्याचे. म्हणजे पानासमोर फुलदाणीला जागाच नाही, आणि महिरपही चार बोटांपेक्षा उंच नको, नाहीतर ओगराळं तिला अडतं.

महिरप ही मुळात पाटावरच्या पंगतीची. पानाच्या वरच्या अंगाला रांगोळीने कमान काढायची, दोन्ही टोकांना वेल किंवा कोयऱ्या. जमिनीवर ते शोभतं. टेबलावर, विशेषतः कापडावर, रांगोळीची पूड काढू नये. पंख्याच्या पहिल्या झोतात ती मिठाशेजारी जाऊन बसते. टेबलासाठी दोनच पर्याय चांगले. एक मण्यांची महिरप. ठाकुर्ली-डोंबिवलीत घरबसल्या त्या करून विकणाऱ्या बायका आहेत, काही भाड्यानेही देतात. ती ओल्या फडक्याने पुसली की दुसऱ्या पंगतीला तयार. दुसरा पर्याय फुलांचा. इंच-सव्वा इंचाची शेवंती देठाशी कापून एका ओळीत कमानीसारखी मांडायची. दीड फुटाच्या कमानीला पंधरा-सोळा फुलं लागतात, एकवीस पानांना साडेतीनशेपर्यंत. फुलं सुटी ठेवली तर हाताच्या धक्क्याने सरकतात, म्हणून ती आधी दोऱ्यात ओवावीत आणि मगच मांडावीत. दोन टोकांना आंब्याचं एकेक पान उपडं ठेवलं की कमान पुरी झाल्यासारखी वाटते. याहून जास्त काही करू नये असं माझं मत आहे. पानाभोवती चारी बाजूंनी पाकळ्या टाकायची जी फॅशन केळवणांच्या फोटोंतून आली आहे, ती फोटोपुरती ठीक. जेवायला बसल्यावर त्या पाकळ्या कोशिंबिरीत सापडतात.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र पानावरच द्यावं. केळीचं पान नीट मांडलं तर त्याच्याइतकं देखणं काही नाही, आणि वाकडंतिकडं मांडलं तर भोवती कितीही मोगरा लावा. पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे, रुंद बाजू उजवीकडे, कारण उजव्या हाताला भाजी-भाताची जास्त जागा लागते. मागची जाड शीर सुरीने हलकेच तासली की पान टेबलाला चिकटून बसतं, नाहीतर मधोमध फुगतं आणि वरण उताराला लागतं. आचेवरून हलकं फिरवलं तर पान लवचिक होतं आणि घडीवर फाटत नाही. चाळीस पानं हवी असतील तर पन्नास घ्यावीत; गठ्ठ्यात थोडी फाटकी निघतातच. धुऊन, पुसून, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावीत आणि अगदी शेवटी, माणसं हात धुवायला उठली की मांडावीत. पंख्याखाली अर्धा तास पडलेल्या पानाच्या कडा वळतात.

त्यावरचं वाढप हा सजावटीचाच भाग. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं वाटीत किंवा द्रोणात. मध्ये भाताची मूद, वर वरण आणि तूप. हिरव्या पानावर पांढरं, पिवळं, लाल हे रंग आधीच ठरलेले आहेत. त्यामुळे टेबलाच्या कापडावर आणखी नक्षी घालू नका. साधं पांढरं किंवा फिक्कं मोतिया कापड, आणि वाटलंच तर टेबलाच्या दर्शनी बाजूला खणाची पट्टी झालरीसारखी सोडावी. खण पानाखाली अंथरायची हौस टाळा. तेलाचा डाग त्यातून निघत नाही. टेबल साधारण अडीच फूट उंच असतं, तेव्हा पुढच्या बाजूला कापड जमिनीपर्यंत यावं आणि बसणाऱ्याच्या बाजूला वीतभरच, म्हणजे गुडघ्यात अडकत नाही. पाण्याचं भांडं डावीकडे ठेवावं असं मी म्हणेन. उजवा हात खरकटा असतो.

मग रांगोळी, समई, उदबत्ती कुठे? नालाच्या पोटात. आत पंधरा फुटांची मोकळी रुंदी आहे. मधोमध चार फुटांची रांगोळी काढली तरी दोन्हीकडे पाच-साडेपाच फूट वाढप्यांना राहतात. तिथे एक चौरंग, त्यावर समई, भोवती फुलापानांची रांगोळी. एकवीस जणांना ती बसल्या जागेवरून दिसते आणि कोणाच्याही जेवणात येत नाही. चौरंग पंख्याच्या बरोबर खाली ठेवू नका. फुलांच्या रांगोळीवर पाण्याचा हलका हबका मारला की पाकळ्या उडत नाहीत. उदबत्त्या केळ्याच्या तुकड्यात खोचून टेबलांच्या कोपऱ्यांवर ठेवाव्यात, पानासमोर नको, राख पडते.

गच्चीवर पंगत असेल तर वाऱ्याचाही विचार करावा लागतो. दुपार कलली की खाडीकडून वारा सुटतो आणि टेबलाचं कापड शिडासारखं फुगतं. कापडाच्या चारी टोकांना खालून चिमटे लावा, पानावर मीठ-लिंबू आधीच वाढून ठेवा म्हणजे त्याच्या वजनाने पान बसतं, आणि समईचा हट्ट सोडून काचेची चिमणी असलेला दिवा घ्या.

फुलं आणायची कुठून? ठाकुर्लीहून कल्याण एक स्टेशन, डोंबिवलीही एकच. कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतला फूलबाजार जवळचा; दादर स्टेशनबाहेरच्या फूलबाजारात माल जास्त तऱ्हेचा, पण ठाकुर्लीला धीम्या गाड्याच थांबतात, तेव्हा पहाटे निघून तासभराच्या परतीच्या प्रवासाची तयारी ठेवावी. फुलांची गाठोडी घेऊन सरळ लगेजच्या डब्यात चढावं. मुहूर्त मार्गशीर्षातला असला तर एक धोरण ठेवा: गुरुवारच्या लक्ष्मीपूजेमुळे बुधवारी-गुरुवारी फुलांचे भाव चढलेले असतात, म्हणून शनिवार-रविवारचं लग्न सोयीचं. थंडीत शेवंती उत्तम मिळते. उन्हाळ्यात तिच्यामागे न लागता मोगऱ्याचे गजरे घ्यावेत, पण ते बायकांच्या केसांत शोभतात. टेबलावर मोगरा किंवा निशिगंध नको. त्यांच्या घमघमाटात मसालेभाताचा वास हरवतो. लिली घेतलीच तर तिच्या पुंकेसरांची टोकं आधी खुडून टाका, त्यांचे पिवळे डाग कापडावरून जात नाहीत.

स्वागताच्या टेबलाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अत्तरदाणी, गुलाबदाणी, पेढे आणि अक्षतांचं तबक एवढं पुरतं. रुखवताला मात्र वेगळं टेबल द्या आणि ते भिंतीशी लावा, कारण लोक त्याच्याभोवती गर्दी करतात. नावांची अक्षरं थर्माकोलची कापून लावायची जुनी सवय अजून काही ठिकाणी दिसते. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. पुठ्ठ्यावर झेंडूच्या पाकळ्या चिकटवून तीच अक्षरं जास्त छान दिसतात.

दोन पंगतींमधल्या वीस मिनिटांची जबाबदारी आधीच कोणावर तरी सोपवावी. पानं गुंडाळून एका पिंपात, फुलं वेगळ्या टोपलीत, महिरपी पुसून, कापडावर जिथे सांडलं असेल तिथे स्वच्छ पट्टी. सोसायटीत खतखड्डा असेल तर पानं आणि उष्टं थेट तिकडे. महिरपीचा दोरा मात्र आधी ओढून काढा. कापडावर हळदीचे डाग पडणारच. त्यांना साबण लावला की ते लाल होतात आणि भाड्याचं कापड बिघडलं म्हणून घरात घबराट उडते. तसं काही नसतं, हळद साबणाच्या खाराने रंग बदलते. कापड नुसत्या पाण्यात खळबळून दिवसभर कडक उन्हात टाकावं आणि मगच धुवावं. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही.