पहिली चूक

तयार शिवलेला सदरा दुकानातून आणता येतो, किंवा कापड घेऊन तो शिंप्याकडून शिवूनही घेता येतो. संगणकाच्या सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. बहुतेक लोक ते तयार घेतात. काही जण मात्र प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, मिळवून आपल्या संगणकावर त्याची बांधणी करतात. हा मजकूर यंत्राच्या भाषेत उतरविण्याचे काम कंपायलर करतो.

मोठ्या सॉफ्टवेअरच्या फाइली शेकडो असतात. त्यांतील कोणती बदलली आणि कोणती पुन्हा उतरवावयाची, हे ध्यानात ठेवणे कठीण! अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ यापायी वाया गेली. चूक त्यांनी आधीच सुधारली होती. ती फाइल पुन्हा कंपायल करावयाची तेवढी राहिली होती. बिचारे निर्दोष मजकुरात दोष शोधीत बसले. त्यांचा त्रागा ऐकून त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ नावाचा प्रोग्राम रचला. हा हिशेब तेव्हापासून ‘मेक’ ठेवू लागला.

तरीही बांधणी अडते. कारण एक सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या आधाराने उभे असते. हे आधार आणून देणारा प्रोग्राम म्हणजे पॅकेज मॅनेजर होय. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रणालीत हे काम ‘ॲप्ट’ करतो.

बांधणी फसली की पडद्यावर शेवटी ‘मेक’ची ‘एरर २’ अशी ओळ दिसते. नवशिका तिच्याकडेच पाहत राहतो. वस्तुतः ती काम थांबल्याची केवळ दवंडी असते. खरे कारण बरेच वर, चुकीच्या पहिल्या ओळीत सापडते. समजा, ‘झेडलिब डॉट एच’ ही फाइल नाही, असे तेथे लिहिले आहे. झेडलिब हे माहिती आटोपशीर करून साठविणारे सॉफ्टवेअर. शोधून पाहावे, तर ते संगणकावर असतेच! मग उणे काय?

डेबियनमध्ये त्याची दोन पॅकेजे असतात. एक नुसते वापरण्यापुरते. दुसरे, नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेले, बांधणीसाठी. झेडलिबकडून कोणती कामे कशी करून घ्यावी, याची यादी या दुसऱ्यात असते आणि कंपायलर तीच मागत असतो. ते पॅकेज आणल्यावर कधी आणखी एखादी उणीव पुढे येते. तेव्हाही पहिलीच ओळ पाहावी. सारे आधार मिळाले की ‘मेक’ पुन्हा चालवावा. उतरवून झालेल्या फाइलींना तो सहसा हात लावीत नाही. काम जेथे अडले, तेथूनच पुढे निघतो.